तेवीसची रिकामी चौकट

देवानं माणसाला डोळे दिले, त्यांना पापण्याही दिल्या. कान दिले, पण त्यांना झाकण द्यायचं तेवढं राहून गेलं. बॉयलरच्या कारखान्यामागच्या गल्लीत राहणाऱ्यांना ही देवाची चूक रोज सकाळी आठ वाजता आठवायची. आठला पत्र्यांवर हातोडे सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत. मधे जेवायची सुट्टी आणि दुपारी तीनला पंधरा मिनिटं चहाची, एवढीच काय ती शांतता. बाकी वेळ सगळी गल्ली ओरडून बोलायची. प्रेमानं बोलली तरी परक्याला वाटावं, मारामारी जुंपली. "आमच्याकडे गुपितसुद्धा बोंब मारूनच सांगावं लागतं," असं तिथली माणसं हसून सांगत.

अशा गल्लीत अकरा वर्षं एक बाई कान तपासायला येत होती. तपासणीला कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी यायची, खांद्यावर यंत्राची पिशवी; तारखा ठरवायला अधूनमधून कामाच्या दिवशीही. माणसाच्या कानांवर टोपडं चढवायची आणि यंत्रातून बारीक बारीक शिट्ट्या सोडायची. ऐकू आली की बोट वर करायचं. म्हणून तिचं नाव पडलं शिट्टीबाई. गोंगाटानं माणसाचे कान किती वर्षांत किती जातात, याचं मोठं संशोधन चाललं होतं, त्यासाठी दारोदार फिरणारी ही माणूस. बासष्ट दारं, घरटी एक माणूस. एकसष्ट जण तयार झाले. इस्त्रीवाल्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी दारातून वाटेला लावलं होतं. "माझे कान माझ्या डोक्याला आहेत, तिथंच बरे आहेत!"

बाकीच्या एकेकाला तिनं शब्द दिला होता. "नाव माझ्या वहीत, वही कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. हिशेबाच्या यंत्रात जातो तो नुसता आकडा. तुम्ही कोण, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

आता अकरा वर्षं पुरी झाली होती. उद्या दुपारी दोन वाजता शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. काय सापडलं ते सांगायचं, आणि ही माहिती इतर ठिकाणच्या संशोधकांनाही द्यायला एकेकाची सही घ्यायची, असा बेत. आदल्या दिवशी खुर्च्या मोजायला म्हणून शिट्टीबाई बाराच्या सुमारास सभागृहात शिरली, आणि भिंत बघून जागच्या जागी थबकली.

आकडेवाला स्टुलावर उभा राहून भिंतीवर लांबच लांब कागद लावत होता. हा संशोधनाचा हिशेब बघणारा तरुण, गुणी आणि जरा हौशी. कागदावर ओळीनं चौकटी, प्रत्येक चौकटीत एक निळी रेघ. कान शाबूत असेल त्याची रेघ सपाट, गेला असेल त्याची जिन्यासारखी खाली उतरलेली. चौकटीखाली आकडा.

"ताई, बघा," तो स्टुलावरूनच म्हणाला. "एकसष्ट माणसं भिंतीवर टांगलीत, पण एकाचं नाव सापडतंय का? शोधून दाखवा, चहा माझ्याकडून!"

शिट्टीबाई जवळ गेली. पहिली चौकट. हा घड्याळवाला, कोपऱ्यावरचा. दुसरी, त्याच्या वरच्या मजल्यावरची सुईण. आठवी-नववी, रेघा अगदी सारख्या, या जुळ्या बहिणी. तिला आकडे वाचावे लागतच नव्हते. ती त्या भिंतीवरून गल्लीत चालल्यासारखी चालत होती, डाव्या बाजूच्या दारांवरून वर, उजव्या बाजूच्या दारांवरून खाली. बाविसावीनंतर एक चौकट कोरी होती. तेविसावी. इस्त्रीवाल्या मावशींचं दार.

म्हणजे आकडे दारांच्याच क्रमानं होते. ती सरकत सरकत एक्केचाळिसाव्या चौकटीपाशी आली. रेघ थोडी सपाट चालली होती, मग एक पायरी उतरली, मग दुसरी, आणि शेवटी आडातल्या पोहऱ्यासारखी सरळ खाली गेली होती.

एक्केचाळीस म्हणजे पेटीवाले काका. वाजवायच्या पेट्यांचे सूर लावून देणारे.

आता हे घडलं कसं, ते सांगायला हवं. संशोधनाचा नियम साधा होता. बासष्ट बंद पाकिटं, आत एकेक आकडा, पाकिटं मुद्दाम पिसून ठेवलेली. दारात गेलं की वरचं पाकीट फोडायचं, जो आकडा निघेल तो त्या माणसाचा. पण शिट्टीबाईनं त्याआधी एकोणीस वर्षं पोस्टात टपाल लावायचं काम केलं होतं. पत्रं दारांच्या क्रमानं लावून पोस्टमनच्या हातात द्यायची, त्याला गल्लीत एक पाऊल मागं यावं लागता कामा नये. विस्कटलेला गठ्ठा दिसला की तिच्या बोटांना खाज सुटायची. त्या पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून, पाकिटं उजेडाला धरून, आतले आकडे ओळखून, तिनं सगळा गठ्ठा एकपासून बासष्टपर्यंत सरळ लावला. मावशींनी वाटेला लावलं, तेव्हा त्यांचं तेविसावं पाकीट न फोडताच पिशवीत टाकलं. वाईट हेतू? छे! उलट तिला वाटलं होतं, आपण काम नीटनेटकं केलं. नियमात पिसण्याला काही अर्थ असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि पुढं अकरा वर्षं तो विचार तिला शिवलाही नाही.

"हा कागद काढ," ती म्हणाली.

"का? वाकडा लागला?"

"काढ म्हणते ना!"

आकडेवाला हसत खाली उतरला. "भिंतीवरचा काढीन हो. पण पत्रकं तर सकाळीच वाटून झाली. मागच्या बाजूला हाच तक्ता छापलाय, बारीक करून. दारोदार एकेक टाकलंय."

शिट्टीबाई खुर्च्या मोजायला आली होती; त्यातलीच एक ओढून ती बसली.

एक वाजता डॉक्टरबाई आल्या. हे सगळं संशोधन त्यांनी उभं केलेलं. केस त्यातच पांढरे झाले. शिट्टीबाईनं सगळं सांगितलं, पाकिटांसकट. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं शिट्टीबाईला वाटून गेलं.

"तक्ता उतरवू," त्या हळूहळू म्हणाल्या. "आकडे आज यंत्रावर बदलून टाकू, दोन तासांचं काम. पत्रकावरच्या त्या मुंगीएवढ्या रेघा कोण वाचत बसतंय? आणि उद्या याविषयी बोलू नका."

"पण बाई, मी त्यांना शब्द..."

"सांगितलंत तर एकही सही होणार नाही. अकरा वर्षं पाण्यात. उद्या दुसऱ्या कुठल्या वस्तीशेजारी असाच कारखाना उभा राहील, तेव्हा दाखवायला आपल्या हातात काय असेल? नीट विचार करा."

विचार करायचा तर डोकं जागेवर हवं. शिट्टीबाईच्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, ती खाली गेलेली निळी रेघ. पाच वर्षांपूर्वी तपासणी झाल्यावर काकांनी टोपडं काढून हातात धरलं होतं आणि विचारलं होतं, "बाई, हे घरात कळेल?" ती म्हणाली होती, "कुणालाच नाही." काका म्हणाले होते, "मग तुमच्या गळ्यातल्या किल्लीवर विसंबतो. ज्याचे कान गेले त्याच्याकडं सूर लावायला कोण येईल हो?"

तरी माणसं येत होती, कारण सूर खरोखर लागत होता. काकांनी एक युक्ती काढली होती. पेटीच्या लाकडावर हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे आणि भाता ओढायचा. दोन पितळी पट्ट्या एकमेकींशी भांडत असल्या की लाकूड डुगडुगतं. ते जबड्याच्या हाडात कळतं. कानस फिरवत जायचं, डुगडुग थांबली की सूर जुळला. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा कसा देवाला डोकं टेकवावं तसा पेटीला टेकवतो! लोक त्यावर भाळून जायचे. खरं काय ते दोघांनाच ठाऊक, काकांना आणि शिट्टीबाईला.

आणि आता बासष्ट दारांत पडलेल्या पत्रकांना.

ती गल्लीत शिरली तेव्हा हातोडे जोरात होते. घड्याळवाला दुकानाच्या पायरीवर बसून पत्रकानं माशा हाकत होता. जुळ्या बहिणींपैकी एक खिडकीतून ओरडली, "अगं शिट्टीबाई, उद्या चहाबरोबर काही आहे का नुसतंच ज्ञान?" शिट्टीबाईनं हात हलवल्यासारखं केलं. पुढं इस्त्रीवाल्या मावशी पत्रक नाकाजवळ धरून उभ्या होत्या. मावशींनी मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा पत्रकात घातली. बोट एका चौकटीवर ठेवलेलं. शिट्टीबाईच्या पायांना आपोआप वेग आला.

काकांच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. शाळेच्या गाण्याच्या बाई, बाकावर बसलेल्या. त्यांची पेटी काकांच्या पुढ्यात. आणि गाण्याच्या बाई हातातल्या पत्रकानं वारा घेत होत्या. एकदा तक्त्याची बाजू पुढं, एकदा मागं.

"काका, जरा बाहेर येता?" शिट्टीबाई ओरडली.

काकांनी तिचे ओठ पाहिले. "काय आणता?"

"बाहेर! बाहेर या!"

"आत काकू आहे, चहा सांगू?"

तिनं त्यांचा हात धरला आणि दुकानाच्या कडेला बोळात नेलं. तिथं हातोड्यांचा आवाज दोन भिंतींत सापडून दुप्पट व्हायचा. बरंच झालं, तिला वाटलं. इथं कुणाला ऐकू जाणार नाही. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका, चूक झाली माझ्याकडून! आकडे दारांच्या क्रमानं लागलेत!"

"कसले पत्रे लागलेत?"

"आकडे! आकडे! तुमचा आकडा एक्केचाळीस!"

"माझं वय त्रेसष्ट आहे बाई!"

तिला रडावं की हसावं कळेना. तिनं पदरानं तोंड पुसलं, दम घेतला. त्या गल्लीत एक सवय सगळ्यांच्या अंगात मुरलेली होती. तीन वाजायला आले की माणसं बोलता बोलता आवाज उतरवायची, घड्याळ न बघता. हातोडे थांबतात ते एकदम थांबतात, पूर्वसूचना नाही; तेव्हा वाक्य अर्ध्यावर उघडं पडायला नको. अकरा वर्षांत शिट्टीबाईलाही ती सवय लागली होती. पण त्या दिवशी तिचं तीनकडं लक्ष कुठलं? तिनं छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि काकांच्या कानात सगळा सोडला.

"ते पत्रक बघून कुणीही सांगेल, की पेटीवाल्या काकांचे दोन्ही..."

हातोडे थांबले.

"...कान गेलेत!"

गल्लीत असं काही शांत झालं, की घड्याळवाल्याच्या दुकानातली घड्याळं ऐकू आली. "गेलेत" हा शब्द बोळातून बाहेर पडला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि सावकाश परत आला. खिडकीतली जुळी बहीण आत गेली नाही, नुसती थोडी मागं सरकली. इस्त्री हातात धरून मावशी रस्त्यात आल्या होत्या.

काकांना हातोडे थांबल्याचं कळलं नव्हतं. ते अजूनही तिच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं, लोकांचे चेहरे पाहिले, आणि कळायचं ते सगळं त्यांना कळलं.

दुकानाच्या मागच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात दोन कप.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, आणि पुढं हवा तेवढा आवाज लावून म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मी तुमच्यावर रुसून बसते, जेवताना बोलत नाही, ते सगळं... तुम्ही ऐकलंच नव्हतंत?"

"तू बोलत नव्हतीस?" काका म्हणाले. "मला वाटायचं, माझंच वाढतंय."

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

गाण्याच्या बाई उठल्या. त्यांनी पेटीवर बोट ठेवलं, भाता ओढला, एक सूर काढला, दुसरा काढला. ऐकत राहिल्या. "सूर तर लागलाय," त्या म्हणाल्या. पण 'तर' जरा लांबला. पेटी उचलून त्या निघाल्या. सोमवारी शाळेच्या आणखी दोन पेट्या यायच्या होत्या, त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

"काका," शिट्टीबाई हात जोडून म्हणाली.

काकांनी तिच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. रागानं त्यांचा जबडा हलत होता, तोच जबडा. "मला एकट्याला येऊन सांगितलंत," ते म्हणाले. "माझं तर आता सगळ्यांना सांगून झालं. त्या पत्रकात बाकीचेही असतील, त्यांचं काय? उद्या त्यांच्याकडून सही घेणार, आणि हे सांगणार नाही?"

शिट्टीबाईनं मान खाली घातली. तीनची शांतता संपून हातोडे पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिल्यांदाच तिला ते आईच्या पदरासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सभागृह भरलं. खिडक्या लावल्या होत्या, तरी हातोडे आत येतच होते. एरवी शंभर टक्के हजेरी नसती, पण कालची बातमी गल्लीभर फिरली होती. डॉक्टरबाई बोलायला उठल्या, त्यांच्याआधी शिट्टीबाई उठली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्या खाली बसल्या.

तिनं सांगितलं. पोस्टातली एकोणीस वर्षं, बाक, उजेडाला धरलेली पाकिटं, सगळं. "मी शब्द दिला होता, की कुणाला कळणार नाही. तो मीच मोडला. पत्रकावरच्या चौकटी दारांच्या क्रमानं आहेत. ज्याला गल्ली ठाऊक, त्याला सगळ्यांचे कान ठाऊक."

पत्रकं फडफडली. माणसं आधी स्वतःची चौकट शोधायची आणि मग, चोरून, शेजाऱ्याची. कारखान्याच्या गेटवरचा राखणदार उठला. त्याची रेघही बरीच उतरलेली होती, आणि गेटवर ऐकू येणारा माणूस लागतो. तो आपलं पत्रक चार घड्या करून खिशात घालून निघून गेला. शिट्टीबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

"मी सांगत होते!" इस्त्रीवाल्या मावशी उसळल्या. त्या नुसतं बघायला आल्या होत्या. "म्हणून मी गेलेच नाही यांच्या नादी! आणि काय झालं? माझी चौकट रिकामी सोडली, तर सगळे म्हणाले, ही रिकामी म्हणजे मावशी, मग इकडं हा, तिकडं तो! एकसष्ट जणांनी कान दिले, आणि खूण म्हणून सापडले मी!"

यावर मात्र हशा पिकला. त्या हशानं हवा जरा सैल झाली, तरी सहीचे कागद टेबलावर तसेच कोरे पडून होते.

"आकडे आम्ही यंत्रावर बदलून देऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"यंत्र कुणाचं?" घड्याळवाला म्हणाला. "तुमचंच ना?"

तेव्हा मागच्या ओळीतून पेटीवाले काका उठले. काकूंनी त्यांच्या तळहातावर बोटानं काहीतरी लिहून काय चाललंय ते सांगितलं असावं. ते फार मोठ्यानं बोलले. आता लपवायचं काय?

"आकडे चिठ्ठ्यांवर लिहा. टोपीत घाला. ज्याचा त्यानं उचलायचा. त्या पडद्यामागं यंत्र ठेवा, ज्याचं त्यानं आत जाऊन जुना आकडा पुसून नवा घालायचा. पुढच्या तपासणीला आकडा ज्याचा त्यानं सांगायचा. वही नको, कपाट नको." ते थांबले. "आणि या बाईंच्या हातात टोपी द्यायची नाही. त्या लावून ठेवतील!"

शिट्टीबाईनं गळ्यातली किल्ली काढून डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवली. अकरा वर्षांत तिथं कातडीवर पांढुरकी खूण पडली होती. तिच्यावरून वारा गेल्यासारखं वाटलं.

आकडेवाल्यानं पडद्यामागं यंत्र मांडलं, कुठलं बटण दाबायचं ते एकदा दाखवलं आणि बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. टोपी घड्याळवाल्याची होती. पहिल्यांदा कुणीच पुढं येईना. मग काका आले. त्यांनी चिठ्ठी उचलली, शिट्टीबाईकडं पाठ केली, वाचली, पडद्यामागं गेले. बाहेर आल्यावर सहीच्या कागदापाशी बराच वेळ उभे राहिले. शिट्टीबाईला वाटलं, आता वळतील आणि जातील. त्यांनी सही केली. तिच्याकडं न बघताच.

त्यांच्यामागून एकेक जण आला. सगळे नाहीत. मागच्या काही खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या. गाण्याच्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांची शाळाच ती; त्या कशाला आल्या होत्या हे विचारायचं शिट्टीबाईला धाडस झालं नाही.

टोपीभोवती गर्दी झाली, कुणाचा तरी धक्का लागला, आणि सात-आठ चिठ्ठ्या फरशीवर सांडल्या. त्यांतली एक घसरत येऊन शिट्टीबाईच्या पायापाशी थांबली. उलगडलेली, आकड्याची बाजू वर. कुणाची तरी उचलून झालेली.

तिच्या बोटांना खाज सुटली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक घट्ट अडकवले, आणि डोळे मिटून घेतले.

त्याच क्षणी तीन वाजले आणि हातोडे थांबले.

"कुणाची तरी पडलीय इथं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बघितली नाही. उचला."

पावलं जवळ आली. कुणीतरी वाकलं. गुडघा कडकन वाजला. पण गुडघा न वाजणारं माणूस त्या गल्लीत होतं कोण? कागद फरशीवरून उचलल्याचा आवाज आला. ते माणूस काही वेळ तिच्यासमोर तसंच उभं राहिलं, तिच्या मिटलेल्या डोळ्यांची खात्री करून घेत असावं. मग पावलं लांब गेली.

ती तरी डोळे उघडेना. मनात शंभर मोजले, आणि वर आणखी दहा.